प्रश्न आधी, डेटाबेस नंतर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर वाणिज्य शिकवले. आधी व्यवहार नीट समजून घ्या, मग जमाखर्चाला हात घाला, असा त्यांचा आग्रह असे. तोच आग्रह मनात धरून मी आजचा विषय निवडला आहे. व्यवसायांसाठी क्लाउडवर मिळणाऱ्या नोएसक्यूएल, म्हणजे तक्ते जोडण्याच्या रिलेशनल पद्धतीबाहेरच्या, डेटाबेस सेवांची तुलना कशी करावी, याबद्दल मला बोलायचे आहे.

हा विषय आता केवळ संगणक अभियंत्यांचा राहिलेला नाही. दूध संघ, औषध वितरक, शाळा, रुग्णालये अशा कितीतरी संस्थांच्या नोंदी क्लाउडवर जात आहेत. त्या कोणाकडे ठेवायच्या, हे पुष्कळदा एखाद्या बैठकीत ठरते. वेगवान कोणती, स्वस्त कोणती, मोठ्या कंपन्या कोणती वापरतात, एवढ्यावरच चर्चा संपते. माझ्या मते ही चर्चा उलट्या टोकाकडून सुरू होते. आपण आपल्या नोंदींना रोज कोणते प्रश्न विचारणार? त्यांपैकी कोणते उत्तर त्या क्षणी अचूकच हवे? उद्या सेवा बदलायची वेळ आली तर बाहेर कसे पडणार? हे कागदावर उतरवल्याशिवाय केलेल्या तुलनेतून हाती काही लागत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण यांतल्या एका प्रमुख सेवेचा जन्मच अशा प्रश्नमोजणीतून झाला आहे. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धतीवरचा निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांत मांडावी, एक गोष्ट शक्यतो एकाच ठिकाणी लिहावी आणि प्रश्न विचारताना तक्ते एकमेकांना जोडावेत, अशी ती पद्धत. तिचे मोठे बळ हे की आज न सुचलेला प्रश्न उद्या विचारता येतो. व्यवसायाच्या जगाने ती मनापासून स्वीकारली आणि आजही तिच्यावर मोठा डोलारा उभा आहे.

एका यंत्रात न मावणारे व्यवहार आले तेव्हा अडचण सुरू झाली. २००४ सालच्या सणासुदीच्या खरेदी हंगामात ॲमेझॉनची यंत्रणा अनेकदा कोलमडली, कारण बाजारातले डेटाबेस त्यांच्या मर्यादेपलीकडे ताणले गेले होते. तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी आपण हे डेटाबेस प्रत्यक्षात वापरतो तरी कसे, याचा छडा लावला. सुमारे ७० टक्के वेळा प्रश्न इतकाच असे की या क्रमांकाची नोंद दे. आणखी सुमारे २० टक्के वेळा अनेक नोंदी लागत, पण त्या एकाच तक्त्यातल्या. तक्ते जोडण्याची ताकद, जिच्यासाठी एवढा खटाटोप होता, ती क्वचितच वापरात येत होती. या निरीक्षणातून ‘डायनॅमो’ ही यंत्रणा घडली आणि २००७ साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी २००६ मध्ये गूगलने ‘बिगटेबल’वरचा निबंध मांडला होता. डायनॅमोच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण यांनी पुढे फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्यासह कॅसँड्रा हा डेटाबेस उभा केला. या दोन निबंधांपासून निघालेल्या वाटा आजच्या अनेक सेवांपर्यंत येऊन पोचतात.

पुढे जे घडले ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. डायनॅमो तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही ॲमेझॉनमधल्याच अनेक चमूंनी तो घेतला नाही. कारण तो बसवायचा, चालवायचा आणि बिघडला की दुरुस्त करायचा हे ज्याचे त्याला करावे लागे. त्याऐवजी ते सिंपलडीबी ही मर्यादित सेवा पसंत करत, कारण तिची देखभाल दुसरे कोणीतरी करत होते. हा अनुभव लक्षात घेऊन डायनॅमोची वाढण्याची क्षमता आणि सिंपलडीबीची निश्चिंती एकत्र आणली गेली. जानेवारी २०१२ मध्ये डायनॅमोडीबी बाजारात आला. सरस तंत्रापेक्षा देखभालीचा भार कमी होणे जाणत्या अभियंत्यांनाही मोलाचे वाटले. मग ज्या संस्थेत संगणक विभाग म्हणजे दोन-तीन माणसे, तिथे या सेवांचे आकर्षण किती असेल हे वेगळे सांगायला नको.

पण भार नेमका कोणता कमी होतो? डिस्क बदलणे, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, वेगवेगळ्या इमारतींत प्रती राखणे, एक यंत्र पडले तर दुसऱ्यावर काम वळवणे, हे सेवा देणारा करतो. नोंदींची रचना, कोणाला काय दिसावे याची परवानगी, बिलावर लक्ष आणि बॅकअप खरोखर परत उभा राहतो का याची रंगीत तालीम, हे आपल्याकडेच राहते. ऑगस्ट २०२१ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की मायक्रोसॉफ्टच्या कॉस्मॉस डीबी या सेवेसोबत दिलेल्या नोटबुक सुविधेतील त्रुटीतून इतर ग्राहकांच्या डेटाबेसच्या किल्ल्या मिळू शकत होत्या. मायक्रोसॉफ्टने ती सुविधा लगेच बंद केली, पण किल्ल्या बदलण्याचे काम ग्राहकांनाच करावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा केंद्रांच्या समूहात, डायनॅमोडीबीचा पत्ता सांगणारी डीएनएस नोंद स्वयंचलित यंत्रणेतील दोषामुळे रिकामी झाली. साठवलेली माहिती जागेवर होती, पण तिच्यापर्यंत जाण्याचा रस्ता सापडत नव्हता, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य सेवा तासन्‌तास अडल्या. ज्यांनी आपल्या तक्त्यांची प्रत दुसऱ्या रीजनमध्ये ठेवली होती, त्यांना तिथून काम सुरू ठेवता येत होते. तशी प्रत ठेवायची की नाही आणि तिचा खर्च सोसायचा की नाही, हा निर्णय ग्राहकाचाच होता.

आता डायनॅमोडीबी, फायरस्टोअर, मॉंगोडीबी ॲटलस आणि कॉस्मॉस डीबी या चार सेवांच्या प्रत्यक्ष तुलनेकडे वळू. त्यासाठी एक काल्पनिक दूध संघ घेऊ. एक लाख उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. प्रत्येक वेळी सभासद क्रमांक, संकलन केंद्र, तारीख, सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ), दर आणि रक्कम अशी एक नोंद होते. दर दहा दिवसांनी बिल निघते. दिवसाला दोन लाख नोंदी, महिन्याला साठ लाख. आकडा मोठा वाटतो. पण सकाळचे संकलन दोन तास चालते असे धरले, तर सेकंदाला जेमतेम १४ नोंदी येतात. साधा रिलेशनल डेटाबेसही हे काम सहज करेल. म्हणून पहिला निष्कर्ष असा की ‘आमचा पसारा फार मोठा आहे’ हे नोएसक्यूएल घेण्याचे कारण सांगण्याआधी सेकंदाचा हिशेब मांडून पाहावा. प्राइम डेच्या २०२१ सालच्या विक्रीत ॲमेझॉनच्या यंत्रणांनी डायनॅमोडीबीवर सेकंदाला ८ कोटी ९२ लाख विनंत्यांचा उच्चांक गाठला होता. ती सेवा त्या भारासाठी घडलेली आहे. आपला भार त्याच्या जवळपासही नसेल, तर निवड दुसऱ्या कारणांवर व्हायला हवी.

हाच संघ डायनॅमोडीबीकडे गेला असे धरू. इथे नोंद कोणत्या गटात जाईल हे ठरवणारी पार्टिशन की आणि गटातला क्रम ठरवणारी सॉर्ट की आधी ठरवावी लागते. सभासद क्रमांक ही पार्टिशन की आणि तारीख-सत्र ही सॉर्ट की ठेवली, तर एका सभासदाच्या दहा दिवसांच्या वीस नोंदी एकाच क्वेरीत मिळतात. प्रत्येक नोंद ३०० बाइटची धरली तर वीस नोंदी म्हणजे सुमारे ६ केबी. ४ केबीला एक एकक या मापाने दोन रीड एकके लागतील. थोडे शिळे उत्तर चालणार असेल तर एकच. फारच स्वस्त. पण संघाच्या अध्यक्षांनी विचारले की आज संध्याकाळी कोणत्या केंद्रावर फॅट घसरले, तर हीच रचना मुकी होते. त्यासाठी केंद्र आणि तारीख यांवर दुसरा इंडेक्स लागतो. तो लावला की प्रत्येक नोंदीमागे राइटचा खर्च वाढतो, आणि त्या इंडेक्समधून येणारे उत्तर क्षणभर मागे असू शकते. इंडेक्स न लावता महिन्याच्या साठ लाख नोंदी चाळायच्या ठरवल्या, तर दर खेपेला सुमारे साडेचार लाख रीड एकके खर्ची पडतात. ही सेवा ठरलेल्या प्रश्नांना अचूक वेळेत उत्तर देते. प्रश्न रोज बदलत असतील तर ती महाग पडते.

गूगलच्या फायरस्टोअरची ताकद वेगळी आहे. मोबाइलवर नेटवर्क नसतानाही नोंद करता येते आणि जोडणी आली की ती आपोआप वर जाते. डोंगराळ भागातल्या संकलन केंद्राला याचे मोल फार. मात्र प्रत्येक संकलन वेगळी नोंद म्हणूनच लिहावे. बेरजेचा एकच आकडा दोन फोनवरून जोडणीविना बदलला, तर शेवटी पोचलेला राहतो आणि आधीचा पुसला जातो. शिवाय ट्रान्झॅक्शन, म्हणजे अनेक बदल एकतर सगळे किंवा एकही नाही अशा रीतीने करणे, जोडणीशिवाय चालत नाही. बिल वाचलेल्या आणि लिहिलेल्या डॉक्युमेंटांच्या, म्हणजे इथल्या एकेका नोंदीच्या, संख्येवर येते. पडद्यावरचा एक तक्ता उघडताना हजार डॉक्युमेंटे वाचली जात असतील, तर तितक्या रीडचे पैसे पडतात. बेरीज किंवा मोजणी आता डेटाबेसकडूनच करून घेता येते आणि हजार इंडेक्स नोंदींपर्यंत एकच रीड धरला जातो. ही सोय वापरली की खर्च कितीतरी पटींनी उतरतो. इथे ॲप थेट डेटाबेसशी बोलते, म्हणून सुरक्षेचे नियम लिहिणे हे बिल निम्मे करण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे काम आहे. नियम उघडे राहिले तर सगळ्या सभासदांची माहिती कोणालाही वाचता येईल.

मॉंगोडीबी ॲटलस २०१६ पासून आहे आणि ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल या तिन्हींच्या क्लाउडवर चालतो. एका डॉक्युमेंटात १६ एमबीपर्यंत माहिती मावते, हव्या त्या क्षेत्रावर इंडेक्स लावता येतो आणि गटवार बेरजा, सरासऱ्या काढण्याची भक्कम सोय आहे. नवे प्रश्न विचारण्याच्या बाबतीत या चौघांत तो रिलेशनलच्या सर्वांत जवळ येतो. त्याचे बिल मुख्यतः घेतलेल्या सर्व्हरच्या आकारावर ठरते. यामुळे एक मूलभूत फरक पडतो. डायनॅमोडीबी आणि फायरस्टोअरमध्ये चुकीची क्वेरी महिन्याच्या बिलात दिसते. ॲटलसमध्ये ती त्याच दिवशी मंदावलेल्या पडद्यावर दिसते. ज्यांचा भार दिवसभर सारखा असतो त्यांना सर्व्हरचे ठरीव भाडे सोयीचे पडते. ज्यांचा भार सकाळ-संध्याकाळ दोन तास उसळतो आणि एरवी शांत असतो, त्यांनी विनंतीगणिक बिलाचा हिशेब अवश्य करून पाहावा.

मायक्रोसॉफ्टचा कॉस्मॉस डीबी २०१७ मध्ये आला. एक केबीची नोंद तिच्या कीने वाचली की एक रिक्वेस्ट युनिट, हे त्याचे माप. बाकी प्रत्येक क्रिया त्याच मापात मोजली जाते. त्याचा सर्वांत शिकण्याजोगा भाग म्हणजे सुसंगतीच्या पाच पायऱ्या. सर्वांत कडक पायरीवर वाचणाऱ्याला नेहमी शेवटची लिहिलेली नोंदच मिळते. दुसरीवर उत्तर किती मागे राहू शकते याची हद्द ठरवता येते. तिसरीवर ज्याने लिहिले त्याला स्वतःचे लिखाण लगेच दिसते. चौथीवर घटनांचा क्रम मोडत नाही. पाचवीवर एवढीच हमी असते की सगळ्या प्रती यथावकाश सारख्या होतील. वेगळे काही सांगितले नाही तर तिसरी पायरी लागू होते. वरच्या दोन पायऱ्यांवर वाचनाचा खर्च दुप्पट होतो.

या पायऱ्यांपाशी थोडे थांबतो, कारण व्यवसायाची नीतिमत्ता इथे तंत्राला भिडते. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलेला सिद्धान्त असा आहे की जाळे तुटलेले असताना प्रत्येक विनंतीला उत्तर देणे आणि प्रत्येक उत्तर अद्ययावत असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. जाळे धड असतानाही कडक अचूकतेसाठी वेळ द्यावा लागतो, हे डॅनियल अबादी यांनी पुढे स्पष्ट केले. संघाच्या कार्यालयातील फलकावर आजचे एकूण संकलन दहा सेकंद मागे असले, तर कोणाचेही नुकसान नाही. पण उत्पादकाच्या खात्यावर उचल दिल्याची नोंद मागे राहिली आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा दिली गेली, किंवा कापायची नसताना कापली गेली, तर त्या घराचा महिना कोलमडतो. म्हणून कोणते उत्तर शिळे चालेल, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. ज्याला व्यवहार कळतो तो हिशेबनीस त्या बैठकीत हवा. पैशाच्या नोंदीला कडक पायरी आणि ट्रान्झॅक्शन, बाकीच्यांना सैल पायरी, अशी विभागणी केली की खर्च आणि विश्वास दोन्ही सांभाळता येतात. डायनॅमोडीबीत २०१८ पासून अशा ट्रान्झॅक्शनची सोय आहे, आणि मॉंगोडीबीतही अनेक डॉक्युमेंटांची ट्रान्झॅक्शन त्याच वर्षी आली.

सुरुवातीला योग्य ठरलेली निवड कायम योग्य राहतेच असे नाही. उबरने आपल्या आर्थिक नोंदींसाठी डायनॅमोडीबी निवडला होता. नोंदी वाढत गेल्या, खर्च वाढत गेला, आणि अखेर एक लाख कोटींहून अधिक नोंदी त्यांनी स्वतःच्या यंत्रणेत हलवल्या. यातून वर्षाला ६० लाख डॉलरहून अधिक बचत होईल असा त्यांचा अंदाज होता. उलट बाजूचे उदाहरण २०१६ सालच्या पोकेमॉन गो या खेळाचे. अपेक्षेच्या पन्नास पट गर्दी आली, आणि नोंदी गूगलच्या क्लाउड डेटास्टोअर या व्यवस्थापित सेवेत असल्यामुळे ती पेलता आली. स्वतःचे सर्व्हर मांडून बसलेल्या लहान चमूला हे जमणे अवघड होते. दोन्ही उदाहरणे खरी आहेत. गर्दीचा अंदाज येत नसताना भाड्याची सेवा तारते. भार स्थिर आणि प्रचंड झाला, पदरी कुशल माणसे असली, की भाड्याचा फेरविचार करावा लागतो.

म्हणून बाहेर पडण्याचा रस्ता करार करतानाच पाहावा. तीच भाषा बोलणारी दुसरी सेवा असली की तो सोपा वाटतो. जानेवारी २०१९ मध्ये ॲमेझॉनने मॉंगोडीबीशी सुसंगत अशी डॉक्युमेंटडीबी ही सेवा आणली. कॉस्मॉस डीबीही मॉंगोडीबीची आणि कॅसँड्राची भाषा समजतो. पण वरून भाषा तीच असली तरी आतले यंत्र वेगळे आहे. आपल्या क्वेरी तिथे जशाच्या तशा चालतात का, हे चाचणी घेऊनच ठरवावे. डायनॅमोडीबी किंवा फायरस्टोअरमधून निघताना नोंदी बाहेर काढणे फार कठीण नाही. कठीण असते ते त्यांच्याभोवती लिहिलेला प्रोग्राम पुन्हा लिहिणे. तो खर्च पहिल्या दिवसाच्या तुलनेत धरलाच पाहिजे.

माहिती कुठे राहते हाही प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट यंत्रणांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मायक्रोसॉफ्टचे पुणे केंद्र २०१५ पासून, ॲमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून चालू आहे. महाराष्ट्रातील व्यवसायाला आपली माहिती जवळ ठेवण्यात आज अडचण नाही. पण बॅकअप आणि दुसरी प्रत कोणत्या रीजनमध्ये जाते, हे स्वतः तपासून पाहिले पाहिजे.

मग आपल्या दूध संघाने काय करावे? माझे उत्तर स्पष्ट आहे. बिले, उचल, कपाती आणि ताळेबंद यांसाठी त्याने व्यवस्थापित रिलेशनल डेटाबेस घ्यावा. क्लाउडवर पोस्टग्रेसक्यूएल हा रिलेशनल डेटाबेस भाड्याने मिळतो, आणि २०१४ पासून त्यात डॉक्युमेंटांसारखी सैल माहितीही उत्तम साठवता येते. जोडणी नसलेल्या केंद्रांवर संकलनासाठी फायरस्टोअर वापरावे आणि नोंदी वर आल्या की मुख्य डेटाबेसात उतरवाव्यात. हाच संघ उद्या दहा राज्यांत ऑनलाइन विक्री करू लागला, सणाच्या दिवशी मागणी अचानक उसळू लागली, तर खरेदीची टोपली आणि ऑर्डरचा प्रवास यांसाठी डायनॅमोडीबी शोभेल. आधीच मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असलेल्या आणि अनेक देशांत ग्राहक असलेल्या उद्योगाने कॉस्मॉस डीबी पाहावा. वस्तूंचे गुणधर्म प्रत्येक मालागणिक वेगळे असतील आणि अहवाल रोज बदलत असतील, तर ॲटलस. एका उद्योगात दोन डेटाबेस असणे यात काही गैर नाही. मात्र प्रत्येक जास्तीचा डेटाबेस म्हणजे आणखी एक बॅकअप, आणखी एक परवानग्यांची यादी आणि आणखी एक माणूस, हे मान्य करूनच तो घ्यावा.

मित्रहो, आपल्या वाणिज्य आणि संगणक महाविद्यालयांनी हा विषय एकत्र शिकवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पार्टिशन की म्हणजे काय हे कळावे आणि संगणकाच्या विद्यार्थ्याला बिल कसे निघते हे कळावे. उद्योजकांना सांगणे एवढेच की पुढच्या वेळी कोणी डेटाबेस सेवा सुचवली, तर त्याच्यासमोर आपल्या वीस नेहमीच्या प्रश्नांची यादी ठेवा. प्रत्येकासमोर तो दिवसाला किती वेळा विचारला जातो आणि उत्तर किती मागे राहिलेले चालेल, हे लिहा. त्या यादीवरून दोन सेवांचे बिल मांडून घ्या. महिनाभर खऱ्या नोंदींवर चाचणी करा आणि त्यात एकदा बॅकअपवरून सगळे परत उभे करून पाहा. या कामाला परदेशी सल्लागार लागत नाही. लागतो तो आपला व्यवहार जाणणारा आणि तो स्पष्ट लिहू शकणारा माणूस, आणि असा माणूस प्रत्येक धडपणे चालणाऱ्या व्यवसायात असतोच. निर्णयाच्या बैठकीत त्याला पहिली खुर्ची द्या.